ओळख देणारा

वकिलाच्या हातून आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलं जाणारं खोटं कोणतं, असं मला कुणी विचारलं, तर मी पुढची तारीख न मागता उत्तर देईन. "लिहून देणार यांना मी व्यक्तिशः ओळखतो."

हे वाक्य मी अकरा हजार चौदा वेळा लिहिलं आहे. ही मोजदाद माझी नव्हे, लोकन्याय मंडळाची. माझ्या सहीचा एकेक दस्त त्यांनी यंत्रातून काढला आणि आकडा माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं होतं, फार तर चार हजार भरतील.

त्या काळी धामणखेडच्या निबंधक कचेरीला लांबलचक व्हरांडा होता. चार टाइपरायटरवाले, अंगठ्यांची शाई, लाखेचा वास, आणि सकाळी नऊपासून उकळत असलेलं महिपतीच्या चहाचं पातेलं. खरेदीखत असो, गहाणखत असो, माणूस आत गेला की साहेब विचारायचे, "ओळख कोणाची?" मग व्हरांड्यात जो काळा कोट मोकळा असेल तो पुढे व्हायचा आणि सही ठोकायचा. आपण या माणसाला जन्मात पहिल्यांदा पाहतोय हे सही करणाऱ्याला माहीत, साहेबाला माहीत आणि त्या माणसालाही माहीत. तरी हे खोटं आहे असं कुणाला वाटायचं नाही. ताटभर जेवलेल्या पाहुण्याला "तुम्ही काहीच घेतलं नाहीत" म्हणतात ना, तसलंच ते. मला तो व्हरांडा फार आवडायचा. आता तिथे काचेची इमारत आहे आणि आत चिटपाखरूही नसतं.

चार वर्षांपूर्वी कायदा बदलला. बांधाचे, वाटपाचे, घरभाड्याचे लहान दावे चालवायला लोकांनी निवडून दिलेला न्यायाधीश बसवायचा असं ठरलं. पंधरा वर्षं वकिली केलेला कुणीही उभा राहू शकतो. पक्ष नाही, झेंडा नाही, जेवणावळी नाहीत. धामणखेड आणि नेवरे अशा दोन तालुक्यांचा आमचा मतदारसंघ, आणि मतदान २०३९च्या मार्चअखेर. मी, दिनकर शंकरराव खराडे, वय सहासष्ट, पहिल्याच दिवशी अर्ज भरून आलो.

त्याला कारण होतं. माझे वडील धामणखेडच्याच कोर्टात शिपाई होते. दारात उभे राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचे. त्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा. सुट्टीच्या दिवशी ते मला रिकाम्या कोर्टात नेऊन न्यायाधीशांची खुर्ची पुसायला लावत आणि म्हणत, "दिनू, पुसतोयस तोवर पूस. पुढं बसायचंय तुला." न्यायाधीशाच्या परीक्षेला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा इमानेइतबारे नापास झालो. वडील वारले. खुर्ची राहिली ती राहिलीच. आता लोकांच्या हातून ती मिळण्याची वेळ आली होती आणि मला ती हवी होती. उगाच समाजसेवेचा आव आणत नाही.

माझ्यासमोर उभी होती ॲडव्होकेट अश्लेषा बोराटे. वय अडतीस, सहा वर्षं माझीच ज्युनिअर. बार रूममध्ये आम्ही दोघं अजूनही एकाच टेबलावर चहा प्यायचो.

"सर, तुमच्यासमोर माझं डिपॉझिटही राहायचं नाही," ती म्हणाली. "ओळखपट्टीत तुमचाच आकडा वर येणार."

"तुझा कितीचा अंदाज?"

"सरावात बारा टक्के." तिनं कपाळावर हात मारला. "आमच्या वेळी अंगठ्याच्या मशीनवर काम. माणसाच्या तोंडाकडे बघतं कोण? तुम्ही मात्र प्रत्येकाला बसवून घ्यायचात. गाव कुठलं, पोरं किती, ऊस कुठल्या कारखान्याला घालता. मला वैताग यायचा, खरं सांगते."

ओळखपट्टी म्हणजे काय, ते इथेच सांगतो. जमिनीच्या दाव्यांतली निम्मी भानगड खोट्या ओळखीतून निघते, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून नव्या कायद्यात एक अट घातली गेली. उमेदवारानं जन्मभर ज्या दस्तांवर ओळख दिली, त्यांतले कोणतेही चाळीस दस्त यंत्र निवडणार. त्यांवरचे फोटो इतर अनोळखी फोटोंत मिसळून उमेदवाराला दाखवायचे आणि त्याचा मेंदू त्यांतले किती ओळखतो ते मोजायचं. तो आकडा मतदान केंद्राच्या दारावर लावायचा.

मेंदूला विचारायची युक्ती तशी जुनी आहे. चेहरा डोळ्यांपुढे आला की मेंदू आपल्याआधी निकाल देऊन मोकळा होतो. चेहरा ओळखीचा असेल तर साधारण एक तृतीयांश सेकंदात विजेची एक बारीक लाट उठते. अनोळखी असेल तर उठत नाही. ती दाबता येत नाही, कारण दाबावी असं मनात येईपर्यंत ती येऊन गेलेली असते. गेल्या शतकातल्या शास्त्रज्ञांनाही हे ठाऊक होतं, पण तेव्हा डोक्याला मलम फासून, तारा चिकटवून एकच चित्र पन्नास वेळा दाखवावं लागे. मेंदूतला बाकीचा गोंगाटच इतका असतो, की जत्रेत कुणी हळूच हाक मारावी तशी ती लाट हरवून जायची. आता कोरड्या कापडी पट्टीत शेकडो बारीक बिंदू असतात आणि गोंगाट गाळून टाकणारा संगणक असतो. एका नजरेत काम होतं.

शिवाय चेहऱ्यांची आठवण नावांपेक्षा चिवट असते. शाळासोबत्यांची नावं धड न आठवणारी म्हातारी माणसंसुद्धा पन्नास वर्षांनी त्यांचे फोटो बिनचूक ओळखतात. पट्टीला मात्र एक मर्यादा आहे. हा चेहरा पूर्वी पाहिलेला आहे की नाही, एवढंच ती सांगते. कुठे पाहिला, कधी आणि कशासाठी, याबद्दल तिचं तोंड बंद.

सरावासाठी मंडळानं प्रत्येक उमेदवाराला एक पट्टी आणि त्याच्या दस्तांवरचे सगळे फोटो दिले होते. दस्तावर फोटो लावायची पद्धत मी वकिलीला लागल्यावर काही वर्षांनी आली, त्यामुळे आधीचे सुटले, तरी नऊ हजारांवर चेहरे होते. चाचणी बुधवारी होती. त्याआधीच्या शनिवारी दुपारी मी माजघरात पट्टी बांधून बसलो आणि समोर माझी बायको शैलजा बसली. शैलजा तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आहे. परीक्षा घ्यायची म्हटलं की तिच्या अंगात वारं येतं.

"बोलायचं नाही, हलायचं नाही, समोर बघायचं," तिनं बजावलं आणि पडद्यावर एकेक चेहरा सोडायला सुरुवात केली. चेहऱ्याशेजारी माझ्या मेंदूतली लाट रेघ होऊन पळत होती.

मी तिचं पहिलंच म्हणणं मोडलं, कारण गप्प बसवेना. एक जाड मिश्यांचा माणूस आला, रेघ टुणकन उडाली आणि मागोमाग सगळंच आलं. "हा कोंडीबा! हा शेळी घेऊन कचेरीत आलेला. बाहेर बांधली तर चोरतील म्हणाला. त्या शेळीनं सही व्हायच्या आत स्टँपपेपरचा कोपरा खाल्ला. साहेबांनी पंचनामा करायला लावला होता."

"पुढचा," शैलजा म्हणाली, पण हसत होती.

मग एक नवरा-बायको. पळून जाऊन लग्न केलेले, भाड्याच्या खोलीचा करार करायला आलेले. तिनं फोटोसाठी व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुतलं होतं आणि पुसायला माझ्या गळ्यातला पांढरा बँड मागितला होता. मग एक म्हातारी. आयुष्यातला पहिलाच फोटो म्हणून इतकी हसत सुटली, की फोटोवाल्यानं सातव्या वेळी हात टेकले. त्या फोटोतही ती हसतेच आहे. अशी किती माणसं. मला वाटत होतं ती विसरली गेली, आणि ती सगळी आत जिथल्या तिथे बसून होती. माझे डोळे सारखे भरून येत होते. शैलजानं एकदा उठून पदरानं माझा चष्मा पुसला आणि परत जाऊन बसली.

संध्याकाळी तिनं हिशेब मांडला. "शंभरात बासष्ट. खराडे वकील, तुम्ही फर्स्ट क्लास."

त्या रात्री मला खुर्चीचं स्वप्न पडलं. लाकडी, वेताची, वडिलांनी पुसायला लावलेली.

रविवारी तिनं परीक्षा अवघड केली. यंत्राच्या खात्रीसाठी म्हणून घरातले जुने अल्बम काढले आणि आपल्या माणसांचे फोटो मधेमधे पेरले. माझा मामा आला, रेघ उडाली. आमच्या लग्नातली ती स्वतः आली, रेघ उडाली. मग माझ्या आठवीच्या वर्गाचा फोटो निघाला. मी जगतापवाडीला मामाकडे राहून शिकलो, तिथला, १९८६चा. शैलजानं त्यातले चेहरे एकेक करून मोठे केले. मुलांना रेघ बेतास बात उठत होती. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी आली. दोन वेण्या आणि डावी भुवई मधोमध तुटलेली. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आपटली.

"अगं बाई!" शैलजा म्हणाली. "माझ्या लग्नातल्या फोटोला निम्मीही उडाली नव्हती. कोण ही?"

"शकू जगताप. विहिरीच्या पायरीवर पडली होती, त्याची खूण आहे भुवईवर. माझी गणितं तीच सोडवून द्यायची."

"म्हणजे माझ्याआधीची गणिताची बाई," ती म्हणाली आणि आम्ही दोघंही मनापासून हसलो.

त्यानंतर ती पुन्हा दस्तांकडे वळली. पाच-सहा चेहरे गेले. मग एक बाई आली. कपाळावर ओढलेला पदर, रुंद चेहरा, फोटो काळपट. रेघ उडाली. फार नाही, पण स्वच्छ.

"हिच्या हनुवटीवर गोंदण होतं," मी म्हणालो. "तीन ठिपके. हिरवे."

फोटोत हनुवटी सावलीत होती. गोंदण बिंदण काही दिसत नव्हतं. शैलजानं दस्ताचा तपशील वाचला. "हक्कसोडपत्र, २००४. लिहून देणार शकुंतला महादेव शिंदे, माहेरचं नाव शकुंतला नामदेव जगताप, राहणार वांगरी. लिहून घेणार भाऊ बाजीराव नामदेव जगताप, राहणार जगतापवाडी." मग तिनं वर्गाचा फोटो उलटा केला. मागे ओळीनं नावं होती. तिसऱ्या रांगेत तेच नाव होतं.

तिनं दोन्ही चेहरे पडद्यावर शेजारी ठेवले. एकीची भुवई तुटलेली, एकीची अखंड.

ही गोष्ट शैलजाला नवी नव्हती. त्या दस्तानंतर दहा-बारा वर्षांनी एका लग्नात मला कुणीतरी सांगितलं होतं, की बाजीरावानं बहिणीऐवजी चुलतभावाची बायको उभी केली होती. शकूच्या वाटणीची दोन एकर बागायत भावानं अशी सोडवून घेतली. घरी येऊन मी शैलजाला म्हणालो होतो, "शनिवारची कचेरी बंद व्हायची वेळ. बाई पदर ओढून उभी. मी मान वर केलीच नाही, नाहीतर ओळखलं असतं." तिनं त्यावर विश्वास ठेवला होता. मीही ठेवला होता. इतकी वर्षं मला स्वतःलाही ते तसंच आठवत होतं.

"तुम्ही म्हणाला होतात, मान वर केली नव्हती," शैलजा म्हणाली.

"तिला पुढे कुठे बाजारात पाहिलं असेल. पट्टी कुठे पाहिलं ते सांगत नाही. कायद्यानं हा पुरावा—"

"अहो."

ती एवढंच म्हणाली आणि मी डोक्याची पट्टी सोडली. कारण तोवर मला सगळं दिसायला लागलं होतं. नेहमीसारखंच मी त्या बाईला बसवलं होतं आणि गाव विचारलं होतं. तिनं "वांगरी" सांगितलं, पाठ केल्यासारखं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हनुवटीवरचे ठिपके पाहिले, आणि मग बाजीरावाकडे. बाजीराव तेव्हा सोसायटीचा चेअरमन होता आणि सोसायटीचं सगळं कोर्टकाम मला मिळणार होतं. तो हसून म्हणाला, "बहिणीला लांबून यायला जमत न्हाई वकीलसाहेब. सही तर ती करणारच हाय." आणि मी मनाशी म्हटलं, खरंच की, सगळ्याच बहिणी सोडतात, हीही सोडेल, आज काय अन् उद्या काय. मग मान खाली घातली. मान खाली घालून सही केली, आणि पुढे फक्त तेवढंच लक्षात ठेवलं.

शैलजानं संगणक बंद केला. "पोळ्या टाकते," म्हणाली. सोमवारी दिवसभर ती माझ्याशी नीट बोलली. चहा दिला, औषधाची आठवण केली. पण दर वाक्यामागे 'अहो' म्हणणारी बाई दिवसभरात एकदाही 'अहो' म्हणाली नाही, आणि मला घरात परक्यासारखं वाटायला लागलं.

दुपारी मी कागदावर हिशेब मांडला. फोटो असलेल्या नऊ हजारांतून चाळीस. तो दस्त निघण्याची शक्यता सव्वादोनशेत एक. निघाला तरी रेघ उडणारच होती, म्हणजे उलट माझा एक गुण वाढणार होता. यंत्र मला पकडणार नव्हतं. यंत्राच्या दृष्टीनं मी धामणखेडमधला सगळ्यात खरा ओळख देणारा होतो. याचं हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मी कागद शैलजापुढे सरकवला. तिनं आकडेमोड तपासली. "गणित बरोबर आहे," म्हणाली. "तुम्हाला आता गणिताची बाई लागत नाही." आणि ती आत निघून गेली.

मंगळवारी सकाळी मी नेवऱ्याची बस धरली आणि तिथून वांगरीला गेलो.

शकूचं घर अंगणवाडीच्या मागे, दोन खोल्यांचं. दारात चिंचांचा ढीग पडला होता आणि ती लाकडी बडग्यानं चिंचा फोडत बसली होती. केस पांढरे, हात चिंचेनं तपकिरी, चष्म्याला दोरी. भुवई तशीच. डोक्याला पट्टी नव्हती तरी मला कळलं, आत काहीतरी उडालं.

"कोण पायजे?" तिनं विचारलं. मग चष्मा सारखा केला. "वकीलसाहेब! या की. तुमचा फोटू लावलाय ग्रामपंचायतीत. मतं मागाय आला व्हय?"

"शकू, मी दिनू."

"ते का ठाव न्हाई मला? पर एवढ्या मोठ्या माणसाला दिनू कसं म्हनायचं?" तिनं पोतं झटकून पसरलं. "बस."

मी बसलो. चहा नको म्हणालो, तरी तिनं केला. नवरा जाऊन वीस वर्षं झाल्याचं तिनं सांगितलं. मुलगा पुण्याला गोदामात होता. त्याला बारावीनंतर पुढे शिकवायचं राहून गेलं, म्हणाली, आणि कुणाला दोष न देता पुढच्या विषयाकडे वळली. शाळेतल्या घंटेची, जोशी मास्तरांच्या छत्रीची, विहिरीच्या पायरीची गोष्ट निघाली. तासभर आम्ही आठवीतच होतो. तिथून बाहेर येऊ नये असं मला वाटत होतं. मग मी म्हणालो, "शकू, हक्कसोडपत्राचं बोलायला आलोय."

बडगा थांबला.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "बाजीराव गेला. मेलेल्या मानसावर काय बोलायचं?"

"तुला कळलं कधी?"

"त्याच वर्साला. पंचमीला गेले तर भावजयीनं पान्याचा तांब्या बी दिला न्हाई. मग तलाठ्याकडं जाऊन कागुद काढला. फोटू बघितला, तर येसूवैनीचा. अन् खाली सही तुजी." तिनं एक चिंच उचलली आणि तशीच हातात धरून बसली. "लय रडले त्या दिवशी. जिमिनीसाठी न्हाई, खोटं कशाला बोलू, जिमिनीसाठी बी रडले. पर म्हटलं, दिनूनं आपल्याला वळखलं न्हाई. आठवी झाल्यावर परत कवा भेट न्हाई, सतरा-अठरा वर्सं झालेली. बाईमानूस पदर घेऊन हुबं ऱ्हायलं, नाव शकुंतला सांगितलं, त्याला वाटलं हीच शकू. त्याला आपला चेहरा आठवत नसंल, त्यात त्याचा काय दोष? भावाला मापानं शिव्या घातल्या. तुला एक घातली न्हाई, दिनू. देवाशपथ."

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. त्याची तयारी मी बसमध्ये केली होती. याची केली नव्हती. पस्तीस वर्षं ती मला माफ करत आली होती, आणि ती माफी काढून घेण्यासाठीच मी इथवर आलो होतो. तिथून उठून जावं असं एकदा मनात आलं. गेलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं आणि तीही सुखात राहिली असती. असली कारणं मला पटकन सुचतात. २००४ साली असंच एक सुचलं होतं.

"मला तुझा चेहरा आठवत होता," मी म्हणालो. "नेहमीच आठवत होता. येसूवहिनीकडे मी पाहिलं होतं. ती तू नाहीस हे मला माहीत होतं. तरी सही केली."

मग मी तिला पट्टीबद्दल सांगितलं, रेघेबद्दल, तिच्या वर्गातल्या फोटोला ती केवढी उडाली तेही. सांगताना मला रडू फुटलं. ती रडली नाही.

"माझ्या फोटूला वर टेकली रेघ?" तिनं विचारलं.

"हो."

"अन् तुजी बायकू शेजारी बसलेली."

"समोर."

ती थोडं हसल्यासारखी झाली, आणि मग तो चेहरा मिटत गेला. "म्हंजी तुला म्या दिसत हुते," ती म्हणाली. "डोळ्याम्होरं दिसत हुते, अन् तू माझ्यावर बोळा फिरवलास. आपल्याला कुनी इसरलं न्हाई हे ऐकाय मानसाला बरं वाटावं. मला त्येबी ऱ्हायलं न्हाई, दिनू."

बराच वेळ ती चिंचा फोडत राहिली. मग तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि आतून मुलाची जुनी वही आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं.

"लिव. जे आत्ता बोललास ते. म्या दावा लावनार हाय बाजीरावच्या पोरांवर. मला हे पायजे."

"हे मी उद्या चाचणीच्या आधी मंडळातही देतो," मी म्हणालो. "लोकांपुढे लागेल दारावर."

"ते तू अन् तुजं मंडळ. माझं मला लिवून दे."

बेचाळीस वर्षं लिहिलेला हात, पेन टेकताच चालू झाला. मी, खाली सही करणार, दिनकर शंकरराव खराडे, व्यवसाय वकिली, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. एका दमात पानभर लिहिलं आणि वही तिच्यापुढे केली. तिनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेली. आठवीतही ती असंच वाचायची, ओठ हलवत. पानाच्या मध्यावर बोट थांबलं.

"हे काय लिवलंस?"

मी पाहिलं. 'सदर ओळख मजकडून नजरचुकीने दिली गेली.' हा शब्द मी मुद्दाम लिहिला नव्हता. असल्या कागदात तो आपोआप येतो. हजारो अर्जांत मी तो लिहिला आहे, दुसऱ्यांसाठी.

"वकिली भाषा आहे, शकू. तशी लिहायची पद्धत—"

"चुकली व्हती का नजर?"

मी पेन परत उचललं.

"मग खोड ते."

मी खोडलं. खाडाखोडीपाशी छोटी सही करावी लागते, ती केली. आणि वर, ओळींच्या मधल्या जागेत, लिहिलं: 'जाणूनबुजून.' ते लिहायला मला सगळ्या पानाहून जास्त वेळ लागला.

शकूनं बोट पुढे सरकवलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं. मग वही मिटून मांडीवर घेतली.

"बस साडेचारला हाय," ती म्हणाली. "अन् दिनू, मत म्या त्या बोराट्याच्या पोरीला देनार. आधीच सांगून ठेवते, मागनं म्हनशील शकूनं फसवलं."